बडीशेपेच्या बशीतला पैसा कोणाचा?

उडुपी हॉटेलात खाणे आटोपले की बिल येते ते बडीशेपेच्या बशीतून. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीयाने या बशीशी पिढ्यान्‌पिढ्या एक छोटासा व्यवहार निमूटपणे केला आहे. नोट बशीत ठेवायची, वेटर ती गल्ल्यावर नेणार, मोड घेऊन परत येणार. मग गिऱ्हाइकाने नोटा उचलायच्या, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि उरलेली नाणी तशीच ठेवून उठायचे. या व्यवहाराला पावती नाही, त्याची नोंद कोठे होत नाही आणि त्याविषयी कोणी कोणाशी बोलतही नाही. देणाऱ्याला आपण काही औदार्य दाखविले असे वाटत नाही, घेणाराही फारसे आभार मानीत नाही. तरीही हॉटेलच्या धंद्यात राबणाऱ्या असंख्य माणसांच्या मिळकतीचा एक भाग या बशीतूनच येत आला आहे.

ही बशी आता रिकामी राहू लागली आहे. २०१६ साली यूपीआयची सोय आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, पुढे २०२० च्या महासाथीने नोटांना आणि नाण्यांना हात लावण्याचीच भीती घातली. आणि पाहता पाहता गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा राहिला. बिल २८६ रुपयांचे झाले तर आज फोनवरून नेमके २८६ रुपयेच चुकते होतात. पूर्वी त्याच बिलासाठी तीनशे रुपये बशीत पडले असते आणि परत आलेल्या चौदा रुपयांपैकी चार तरी, क्वचित सगळेच, बशीत राहिले असते. गिऱ्हाईक कंजूष झाले आहे असे नव्हे. मोड उरली नाही, एवढेच. बक्षिसी ही बऱ्याच अंशी माणसाच्या औदार्याची नव्हे, तर नाणेव्यवस्थेची देणगी होती, हे नाणी नाहीशी होऊ लागल्यावर ध्यानात यावे, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचार करायला लावणारा प्रकार आहे.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. एखादे गिऱ्हाईक आठवणीने २८६ ऐवजी ३०० रुपये फोनवरून पाठविते, किंवा कार्डाच्या यंत्रावर बक्षिसीची रक्कम वाढवून देते. ते चौदा रुपये आता वेटरच्या हाती पडत नाहीत. ते मालकाच्या बँकखात्यात जमा होतात. बशीतल्या नाण्यांबाबत मालकीचा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. ज्याने ती उचलली, त्याची ती झाली. खात्यात जमा झालेल्या चौदा रुपयांचे मात्र तसे नाही. ते कोणाचे, हे कोणी तरी ठरवावे लागते. आणि ज्याच्या खात्यात पैसा असतो तोच बहुधा ते ठरवितो.

बक्षिसीला वेतनही म्हणता येत नाही आणि दानही म्हणता येत नाही, आणि या त्रिशंकू अवस्थेतच तिच्यासंबंधीच्या सर्व अन्यायांचे मूळ आहे. पाठ्यपुस्तकातील हिशेबी माणसाने खरे तर बक्षिसी देऊच नये. सेवा आधीच मिळालेली आहे, पोटात गेलेला डोसा परत घेता येत नाही, आणि परगावचा प्रवासी तर त्या हॉटेलात पुन्हा पाऊलही ठेवणार नसतो. तरी तोही देतो. का, तर देण्याची रीत आहे म्हणून. न दिल्यास वेटरच्या नजरेला नजर देणे अवघड जाते म्हणून. चांगल्या सेवेचे ते पारितोषिक असते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी तिला आधार फारसा नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी या विषयाचा अभ्यास अनेक वर्षे केला. सेवेचा दर्जा आणि बक्षिसीची रक्कम यांचा संबंध अगदीच क्षीण असतो, असेच त्यांना आढळले. बिलाची रक्कम किती, यावरच बक्षिसी मुख्यतः अवलंबून असते. म्हणजे दोन रवा डोसे तत्परतेने आणून देणाऱ्यापेक्षा दोन महागडे पेग रेंगाळत आणून देणारा अधिक कमावतो. याला गुणाचे चीज म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

आपल्याकडील न्यायालयांनी बक्षिसी म्हणजे काय, यापेक्षा ती काय नव्हे, हेच अधिक वेळा सांगितले आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला, तेव्हा ग्राहकाने दिलेली बक्षिसी म्हणजे मालकाने केलेले वेतनप्रदान मानता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ती कामगारांच्या हिताची होती. कारण गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेला पैसा दाखवून मालकाला आपली जबाबदारी कमी करून घेता येऊ नये, हाच तिचा आशय होता. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, आयटीसी कंपनीच्या प्राप्तिकर प्रकरणात तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. कार्डावरून जमा होणारी बक्षिसी कंपनी गोळा करून नोकरांना वाटते, तर ती पगार समजून तिच्यावर मुळातच कर कापावयास हवा, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. हा पैसा नोकरीच्या करारातून येत नाही, तो मालकाजवळ केवळ विश्वस्त या नात्याने येतो, असे न्यायालय म्हणाले.

‘विश्वस्त’ हा शब्द मोलाचा आहे. त्यातूनच बशीतला पैसा कोणाचा या प्रश्नाचे उत्तर निघते. मात्र तो उच्चारला गेला तो करकपातीच्या वादात, आणि त्या वादात वेटर हा पक्षकारच नव्हता. एखाद्या विश्वस्ताने विश्वस्तासारखे वागण्याचे नाकारले तर सांगली-कोल्हापूरच्या हमरस्त्यावरील हॉटेलातल्या नोकराने दाद कोणाकडे मागावयाची? बक्षिसीचा हिशेब दाखवा, असे शेठला कोणत्या कलमाखाली म्हणावयाचे? २०१९ ची वेतनसंहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. तिने वेतनाची व्याख्या सविस्तर केली, तिच्यातून काय काय वगळावयाचे याचीही यादी दिली. परंतु हजारो हॉटेलांत दररोज चालणाऱ्या या व्यवहाराचा नामोल्लेखही तिच्यात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकदाच थेटपणे न्यायालयात गेला, आणि तो गेला कोठून, तर डान्सबारमधून! २०१६ च्या राज्य कायद्याने बारबालांना हातात बक्षिसी देण्यास मनाई केली आणि ती रक्कम बिलातच मिळवावी असे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ च्या निकालात नोटा उधळण्यावरील बंदी योग्य ठरविली, परंतु बक्षिसी हातात देण्यास हरकत नाही आणि ती बिलात घालण्याची सक्तीही करता येणार नाही, असे स्पष्ट केले. डान्सबारच्या नीतिअनीतीचा खल अनेकांनी केला. त्या निकालातील हा मुद्दा मात्र दुर्लक्षितच राहिला. बिलात घातलेला पैसा प्रथम मालकाचा होतो आणि मग जमले तर नोकराचा, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना सुचली नव्हती किंवा सुचूनही तिचे महत्त्व वाटले नव्हते. आज फोनवरच्या व्यवहारामुळे तीच सक्ती, कोणताही कायदा न करता, साऱ्या हॉटेलांत आपोआप आली आहे.

सेवाशुल्काच्या प्रकरणाने तर या घोळावर कळस चढविला. मोठ्या रेस्टॉरंटांतून बिलावर पाच ते दहा टक्के सेवाशुल्क लावण्याचा प्रघात होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ते आपोआप लावण्यास मनाई केली, आणि रेस्टॉरंट-मालकांच्या संघटनांनी तिला दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळले. ग्राहकाच्या बाजूने पाहता हा निकाल योग्यच म्हटला पाहिजे. पदार्थपत्रिकेवर एक किंमत छापावयाची आणि बिलात दुसरी लावावयाची, हा व्यवहार सरळ नव्हे. परंतु मालकांच्या संघटनांचा एक युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे शुल्क नोकरवर्गाच्या हिताचे आहे, त्यातून भटारखान्यातील माणसालाही वाटा मिळतो, असे त्या सांगत होत्या. काही ठिकाणी तो मिळतही असेल. पण तो दिलाच पाहिजे असे सांगणारा नियम कोणता? ज्याच्या नावाने पैसा घेतला जातो त्याला तो पोचतो की नाही हे तपासण्याची सोय नसताना, त्याच्याच हिताचा हवाला न्यायालयात द्यावयाचा, यात काही तरी विपरीत आहे. ग्राहकाची बाजू मांडण्यास प्राधिकरण होते, मालकाची बाजू मांडण्यास संघटना होत्या. वाढप्याचे आणि भांडी घासणाऱ्याचे म्हणणे काय, हे मात्र वादात कोणी मांडले नाही.

बक्षिसीच्या वाटपाचा विचार करावयाचा तर हॉटेलच्या आतच शिरले पाहिजे. गिऱ्हाइकाला दिसतो तो वेटर. त्याच्या मागे पाणी देणारा आणि टेबलावर फडके मारणारा पोऱ्या असतो, ऑर्डर घेणारा कॅप्टन असतो, भटारखान्यात आचारी आणि त्याचे हाताखालचे लोक असतात, मोरीवर दिवसभर ओल्यात उभा राहून भांडी घासणारा असतो. आणि परमिट रूम असली तर काउंटरमागे माप भरणारा बारमन असतो. इडली हलकी झाली याचे श्रेय आचाऱ्याचे, ग्लास स्वच्छ होता याचे श्रेय मोरीवरच्या माणसाचे. बशीतली नाणी मात्र ज्याचा हात अखेरीस टेबलापर्यंत पोचतो त्याची. सहा माणसांच्या श्रमाचे फळ सातव्या पायरीवर उभ्या असलेल्याच्या पदरात पडावे, अशी ही रचना आहे.

ज्याची टेबले त्याची बक्षिसी, या पद्धतीचे समर्थन करणारे वेटर पुष्कळ आढळतील आणि त्यांचे म्हणणे अगदी वावगेही नाही. गिऱ्हाइकाचे बोलणे त्यांनी ऐकून घ्यायचे, भटारखान्यातून उशीर झाला तर शिव्या त्यांनी खायच्या, आणि मग पैसे सर्वांनी वाटून का घ्यायचे? परंतु या पद्धतीचा एक परिणाम बाहेरच्याला दिसत नाही. कोणती टेबले कोणाला द्यावयाची हे कॅप्टन ठरवितो. वातानुकूलित कक्षातील टेबल आणि दाराशी असलेले टेबल यांच्या प्राप्तीत जमीनअस्मानाचा फरक असतो. साहजिकच चांगले टेबल मिळविण्यासाठी कॅप्टनची मर्जी राखावी लागते, आणि मर्जी राखण्याचीही एक किंमत असते. म्हणजे गिऱ्हाइकाने वेटरला म्हणून दिलेल्या पैशातून एक गुप्त पट्टी वरच्याला भरली जाते. गावातून नवा आलेला मुलगा दाराशीच उभा राहतो. जुना, जाणता आणि कॅप्टनच्या गावचा असलेला माणूस आत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे असतो.

बारमनचा प्रश्न याहून नाजूक आहे. वेटरने हसतमुखाने सेवा केली तर मालकाचे काही बिघडत नाही. ते हसू त्याचे स्वतःचे असते. बारमनच्या हाती मात्र मालकाचा माल असतो. साठ मिलिलिटरच्या मापात थोडी अधिक ओतली की नेहमीचे गिऱ्हाईक खूष होते आणि त्याची बक्षिसीही वाढते. औदार्य बारमनचे आणि बाटली शेठची! दुसऱ्याच्या वतीने काम करणारा माणूस स्वतःच्या लाभासाठी त्या दुसऱ्याचा तोटा करू शकतो, हा जो सिद्धांत वर्गात शिकविण्यास मोठाली उदाहरणे शोधावी लागतात, तो येथे एका पेगात सामावलेला आहे. यावर मालक माप अधिक काटेकोर करतात, बाटल्यांवर खुणा करतात, कॅमेरे लावतात. वास्तविक बक्षिसी सामाईक डब्यात गेली की ढिल्या हाताने ओतण्याचे आकर्षण बरेचसे कमी होते. कारण अधिक मिळालेला पैसा दहा जणांत वाटला जातो, पण पकडले गेल्याचा धोका एकट्याचाच राहतो.

सामाईक डब्याची पद्धत आपल्याकडे नवी नव्हे. अनेक हॉटेलांत दिवसाच्या अखेरीस डबा उपडा केला जातो आणि कामाच्या दर्जाप्रमाणे वाटे पडतात. मोठ्या हॉटेलांत त्यालाच गुणांची, म्हणजे पॉइंटांची, पद्धत म्हणतात. कॅप्टनचे गुण अधिक, वेटरचे त्याहून कमी, पोऱ्याचे आणखी कमी. या पद्धतीवरील नेहमीचा आक्षेप असा की तिच्यात आळशी माणसाला कष्टाळूच्या जिवावर जगता येते. हा आक्षेप हजार कामगारांच्या कारखान्याला लागू पडेल. बारा माणसांच्या हॉटेलात तो फार ताणण्यात अर्थ नाही. तेथे कोण काम टाळतो हे मालकापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याला आधी कळते, आणि त्याचा बंदोबस्तही तोच करतो. खरा धोका दुसराच आहे. डब्याची किल्ली शेठकडे किंवा मॅनेजरकडे असते. फुटलेल्या ग्लासाचे पैसे डब्यातून, बिल न देता पळालेल्या गिऱ्हाइकाचे पैसे डब्यातून, कार्डयंत्राच्या बँकेचे कमिशनही डब्यातून, आणि मॅनेजरही डब्यातील एक वाटेकरी. धंद्यातील जोखीम ही नफ्याच्या बदल्यात मालकाने उचलावयाची असते. नफा शेठचा आणि फूटतूट नोकरांची, असा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

ज्या देशांनी बक्षिसीला कायद्यात जागा दिली, त्यांचे अनुभव एकसारखे नाहीत. अमेरिकेने १९६६ पासून मालकाला किमान वेतनाचा काही भाग बक्षिसीतून वळता करून घेण्याची मुभा दिली. परिणामी, बक्षिसी मिळविणाऱ्या नोकराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावयाचे संघराज्याचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर गोठलेले आहे. उरलेला पगार गिऱ्हाईक देते. बक्षिसी कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यावा, असा नियम आहे खरा. पण त्यासाठी तसे मागण्याचे धैर्य नोकरात असावे लागते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या सात राज्यांनी ही मुभा मुळीच दिली नाही, आणि तेथील रेस्टॉरंटे काही ओस पडलेली नाहीत. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध रेस्टॉरंट-व्यावसायिक डॅनी मेयर यांनी २०१५ साली आपल्या रेस्टॉरंटांतून बक्षिसी बंद करून पदार्थांच्या किमती वाढविल्या आणि वेटर व स्वयंपाकी यांच्या वेतनातील दरी बुजविण्याचा प्रयत्न केला. तो २०२० साली त्यांना सोडून द्यावा लागला. शेजारचे रेस्टॉरंट पत्रिकेवर कमी किंमत दाखविते आणि वेटरला अधिक कमाईची आशा दाखविते, तेव्हा एकट्याने प्रामाणिक किंमत छापणे परवडत नाही. सुधारणा एकेका मालकाच्या सदिच्छेवर सोडून चालत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. २०२५ साली तेथे बक्षिसीच्या उत्पन्नावर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत आयकरातून वजावटीची सवलत दिली गेली. वरवर ती नोकराला दिलेली सवलत आहे. पण पगार वाढविण्याचा दबाव त्यामुळे मालकावरून तेवढा कमी होतो, हेही तितकेच खरे.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. काही बड्या रेस्टॉरंट-साखळ्या कार्डावरील बक्षिसीतून प्रशासकीय खर्चाच्या नावाखाली टक्केवारी कापून घेतात, हे २०१५ साली तेथे चव्हाट्यावर आले आणि लोकमत खवळले. तरीही कायदा व्हायला २०२३ साल उजाडले आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. त्याचा गाभा साधा आहे. बक्षिसीची सगळी रक्कम, काहीही न कापता, नोकरांना मिळाली पाहिजे. तिची वाटणी न्याय्य असली पाहिजे. वाटणीचे धोरण लेखी असले पाहिजे. ज्या महिन्यात पैसे आले त्याच्या पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत ते वाटले गेले पाहिजेत. आणि तीन वर्षांच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. नोकराला आपल्या वाट्याची नोंद मागता येते आणि न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथील किमान वेतनाच्या हिशेबात बक्षिसी २००९ पासूनच धरता येत नाही. आपल्याला घेण्यासारखे आहे ते हे, अमेरिकेचे नव्हे.

कोणी म्हणेल, चार नाण्यांसाठी कायदा कशाला? मालकाने पुरेसा पगार द्यावा, मग बक्षिसी मिळो न मिळो. हे म्हणणे तत्त्वतः बिनतोड आहे, आणि बक्षिसी उद्या नाहीशी झाली तरी तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एका प्रसंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. महार हा चाकर सरकारचा, पण त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने द्यावयाचा रयतेने, ही व्यवस्थाच त्यांना अमान्य होती. बलुते हा नावाला हक्क होता. प्रत्यक्षात ते देणे न देणे गावकऱ्यांच्या मर्जीवर असे, आणि महारांनी जरा मान वर केली की ते बंद करण्याचे हत्यार गावाच्या हाती असे. ज्याचे काम करावयाचे त्यानेच ठरलेला मोबदला द्यावा, या मागणीचे मर्म आर्थिक जितके होते तितकेच ते माणसाच्या प्रतिष्ठेचे होते. त्या जातिबद्ध दास्याची तुलना आजच्या हॉटेलातील नोकरीशी करणे अतिशयोक्तीचे होईल, आणि येथे तशी ती करावयाचीही नाही. परंतु काम एकाचे आणि पोट दुसऱ्याच्या मर्जीवर, ही रचना ओळखीची आहे. आणि बलुत्यात निदान जो हक्काचा शब्द होता, तोदेखील बक्षिसीत नाही.

तथापि आदर्श स्थिती येईपर्यंत चालू स्थितीकडे पाठ फिरविता येत नाही. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत काम करणारा मुलगा पूर्वी बहुधा दक्षिण कानड्यातून येई. आज तो ओडिशातून, बंगालमधून, उत्तर प्रदेशातून, नेपाळातून येतो. त्याचे जेवण हॉटेलात, झोपणे पुष्कळदा हॉटेलच्याच माळ्यावर. आणि पगार, गावी जाताना एकदम घे, म्हणून शेठजवळ राहिलेला. अशा माणसाच्या हाती रोज संध्याकाळी पडणारी जी एकमेव रोकड, ती म्हणजे बक्षिसी. घरी फोन करावयाचा, औषध आणावयाचे, सुटीच्या दिवशी सिनेमा पाहावयाचा, हे सारे तिच्यातून. रक्कम लहान असेल. पण शेठला न विचारता खर्च करता येतो असा तेवढाच पैसा त्याच्यापाशी असे. तो शेठच्या खात्यात जाऊ लागला याचा अर्थ केवळ उत्पन्न घटले एवढाच नाही. स्वतःच्या पैशासाठीही आता त्याला गल्ल्यापाशी उभे राहावे लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. बक्षिसी म्हणून आलेली रक्कम, मग ती रोख असो, कार्डाने असो वा फोनवरून असो, ही मालकाजवळची ठेव आहे, असे वेतनविषयक कायद्यात स्पष्टपणे लिहिले पाहिजे. म्हणजे २०१६ च्या निकालातील विश्वस्ताला विश्वस्ताची जबाबदारीही चिकटेल. तीतून फूटतूट, कमिशन वा कसलीही वजावट होऊ नये. मालक आणि मॅनेजर तिच्यात वाटेकरी नसावेत. वाटणीचे प्रमाण नोकरांनी आपसांत ठरवून ते भटारखान्याच्या दारावर लावावे. त्यात आचारी, पोऱ्या आणि मोरीवरचा माणूस यांचा वाटा लहान का होईना, पण असावा. प्रमाण काय असावे हे सरकारने सांगू नये. मालवणच्या खाणावळीला आणि वांद्र्याच्या कॉकटेल बारला एकच मोजपट्टी लागू पडणार नाही. बिलाच्या यंत्रावर बक्षिसीची रक्कम विक्रीपासून वेगळी नोंदली जाणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. करासाठी विक्रीचा पै न्‌ पै हिशेब जे यंत्र ठेवते, त्याला आणखी एक रकाना जड होऊ नये. आणि बक्षिसी दाखवून किमान वेतनात एक रुपयाचीही सूट मिळणार नाही, हे १९७६ चे तत्त्व कलमरूपाने पुन्हा लिहून ठेवावे.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. दिल्लीने मनावर घेईपर्यंत महाराष्ट्राने थांबलेच पाहिजे असे नाही. मात्र तसा नियम केल्यास त्याला किमान कामगारसंख्येची अट घालू नये. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांना आपल्या बहुतेक तरतुदींतून वगळले होते. आणि बडीशेपेची बशी ठेवणारी हॉटेले प्रामुख्याने त्याच आकाराची असतात. नियम होईपर्यंत मार्ग एकच उरतो. वेटरला काही द्यावे असे ज्या गिऱ्हाइकाला वाटते, त्याने बिलाचे पैसे फोनवरून खुशाल द्यावेत. पण दहा-वीस रुपयांची नोट खिशात वेगळी ठेवावी, आणि ती बशीत न टाकता त्याच्या हातात द्यावी.